भ्रमाचा भोपळा दोनदा फुटला, तिसऱ्यांदा चौकोनी झाला

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ३४ वर्षं मोल्डर होतो. वाळू ठोकायची, पॅटर्न (मालाचा नमुना) काढायचा, कोअर (पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) बसवायचा, लोखंड ओतायचं. रिटायर झालो, पण हात गप्प बसेनात. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथं मंडळींनी लावलेला लाल भोपळ्याचा वेल तारेच्या कुंपणावर चढला होता. एक फळ जाळीत अडकून तसंच वाढलं. काढायला गेलो तर त्याच्या पोटावर जाळीचे शंकरपाळे उठलेले, कडा अशा स्वच्छ की आमच्या क्वालिटीवाल्यानं मुकाट्यानं पास केलं असतं. तेव्हापासून चार उन्हाळे हेच खूळ, भोपळा साच्यात वाढवून त्याला हवा तो आकार द्यायचा. अकरा फळं साच्यात घातली, पाच धड निघाली. उरलेल्या सहांनी जे शिकवलं तेच इथं जास्त लिहिणार आहे.

सगळ्यात आधी एक उलटी गोष्ट डोक्यात बसवून घ्या. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून आम्ही पॅटर्न मापापेक्षा टक्काभर मोठा करतो. भोपळा फुगतो. साचा त्याच्या होऊ घातलेल्या आकारापेक्षा लहानच हवा, नाहीतर तो आत ऐसपैस गोल बसून राहतो आणि भिंतींना शिवतही नाही. पण किती लहान? या एका प्रश्नात माझे दोन उन्हाळे गेले.

बी, हंगाम आणि तारीख

पावसाळी वेलावर हे प्रयोग करू नका. आमचं घर पंचगंगेच्या काठाजवळ, २०१९ च्या पुरात मांडवासकट वेल गेला. पण पूर नसला तरी पावसाळ्यात साच्याच्या आत ओल धरते, फळ कुजतं, शिवाय फळमाशीचा जाच. मी जानेवारीच्या मध्याला बी टोकतो. मार्चमध्ये फळं धरतात, एप्रिलअखेर ते मेमध्ये साचे उघडतो.

वाण मध्यम फळाचा घ्या. दहा-दहा किलोचे देशी भोपळे साच्यात आवरत नाहीत. मला बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का चंदन' मानवला. फळ दोन ते तीन किलोचं, गोल. त्याच संस्थेचा 'अर्का सूर्यमुखी' आणखी लहान, साधारण किलोभराचा आणि फळमाशीला दाद न देणारा. पण तो मुळातच चपटा, त्यामुळे उंच साच्यात वर पोकळी राहते. घरचं बी असेल तर बेस्टच, कारण त्याचं फळ केवढं होतं हे तुम्हाला ठाऊक असतं.

आता तारखेचं. भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या बुडाशी लिंबाएवढी गाठ असते, नर फूल नुसत्या लांब दांड्यावर. परागीभवन मधमाशी करतेच, पण मी ते हातानं करतो. आदल्या संध्याकाळी उमलायला आलेल्या मादी फुलाचं तोंड दोऱ्यानं हलकं बांधायचं. सकाळी सातच्या आत ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात फिरवायचा. पुन्हा तोंड बांधायचं. देठाजवळ रंगीत दोरा, त्याला तारखेची चिठ्ठी. हा खटाटोप अशासाठी की पुढचं सगळं दिवसांवर चालतं. मधमाशीनं कोणत्या दिवशी काम केलं ते ती सांगत नाही.

फळ धरलं की वेलावर दोनच ठेवा, एक साच्यासाठी आणि एक मोकळं. मोकळं फळ म्हणजे तुमची मोजपट्टी. बाकीची कोवळी काढून भाजी करा. मंडळी या कापणीवर अजून नाराज असतात, पण वेलाचं सगळं बळ दोन फळांत गेलं तरच साचा भरतो.

साच्याशिवायचे दोन खेळ

पहिल्याच वर्षी साचा करायला जाऊ नका. आधी फळावर नाव लिहा.

फळ नारळाएवढं झालं की त्याची साल अजून चकचकीत, नखानं सहज ओरखडणारी असते. कोरड्या दिवशी, सकाळी दहानंतर, बोथट खिळ्यानं अक्षरं कोरायची. खोली दीड-दोन मिलिमीटर, बस. रस येतो, तो पुसू नका, आपोआप वाळतो. काही दिवसांत जखमेवर खाकी, खरबरीत खपली धरते आणि फळ वाढेल तसं अक्षर रुंदावतं. अर्ध्या इंचाचं नाव बघता बघता सव्वा इंचाचं होतं. आपल्या लिपीत एकच पंचाईत आहे, शिरोरेषा. सलग लांब रेघ कोरली की फळ फुगताना ती तिथंच फाटते. माझ्या नातीचं नाव मधोमध उलून दोन तुकडे झालं आणि ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी ठेवतो, मध्ये गव्हाएवढी फट सोडतो. पावसाची चिन्हं असतील त्या दिवशी मात्र खिळा हातात घेऊ नका, जखमेत पाणी गेलं की फळ गेलं.

दुसरा खेळ पट्ट्याचा. फळ संत्र्याएवढं असताना त्याच्या कमरेला पट्टा बांधला की वर-खाली दोन गोळे फुगतात. सुतळी नको, ती कापत आत जाते. सायकलच्या ट्यूबची रिंग पण नको, ती ताणत राहते आणि कंबर येतच नाही. जुन्या खाटेची नवार सगळ्यात छान, ती रुंद असते आणि ताणत नाही. पट्टा सैलसर बांधा, एक बोट जाईल इतका. फळ स्वतःच तो भरून काढतं. उभे दोन आणि आडवा एक असे पट्टे बांधून मी एकदा भोपळ्याची गाठोडी केली होती. शेजारचे तात्या म्हणाले, "परगावी निघालाय काय भोपळा?"

चौकोनी पेटी

चौकोनी फळ म्हटलं की जपानचं नाव निघतं. शिकोकू बेटावरच्या झेंत्सुजी गावात गेली काही दशकं कलिंगडं पेटीत वाढवून चौकोनी करतात. पण ती खायची नसतात. आकार नीट राहावा म्हणून अर्धकच्ची काढतात आणि दुकानाच्या काचेत शोभेला ठेवतात. भोपळ्याचं तसं नाही. त्याची साल जाड आणि तो पिकेपर्यंत पेटीत राहू शकतो, म्हणून तो चौकोनीही होतो आणि ताटातही येतो.

माझी पहिली पेटी ६ मिलिमीटर प्लायची, खिळे ठोकून केलेली. विसाव्या दिवशी रात्री परसात फटाक् आवाज झाला. मंडळी उठून बसल्या, "अहो, कोण तरी आलंय." बॅटरी घेऊन गेलो तर पेटीचा एक कोपरा उघडलेला आणि त्यातून भोपळ्याचं शिंग बाहेर. ओतकामात दोन पेट्यांच्या सांध्यातून लोखंड बाहेर येतं, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. ही भोपळ्याची फ्लॅश.

मग मी चिडून १८ मिलिमीटरचं प्लाय घेतलं, कोपऱ्यांना लोखंडी अँगल, आठ एमएमचे बोल्ट. या वेळी पेटी जशीच्या तशी राहिली आणि भोपळा आतल्या आत तडकला. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणजे काय ते त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

या ताकदीचा हिशेब दीडशे वर्षांपूर्वी एकानं मांडून ठेवलाय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या शेतकी महाविद्यालयाचे अध्यक्ष विल्यम क्लार्क यांनी १८७४ साली वाढत्या भोपळ्याला लोखंडी पट्ट्यांच्या सापळ्यात बसवलं आणि वर तरफेनं वजनं टांगली. सुरुवातीला फळानं ६० पौंडांच्या आसपास वजन उचललं. शेवटी आकडा ५००० पौंडांवर गेला, म्हणजे सव्वादोन टनांच्या वर. फळ पट्ट्यांमधून वेडंवाकडं फुगलं, पण वाढत राहिलं. हे आधी वाचलं असतं तर खिळे ठोकलेच नसते.

तर माप. गेल्या हंगामातलं त्याच बियाचं पूर्ण वाढलेलं फळ घ्या. बादली काठोकाठ भरून परातीत ठेवा. भोपळा पाण्यात दाबून बुडवा. तो आतून पोकळ असल्यानं तरंगतो, त्यामुळे दाबावाच लागतो. परातीत सांडलेलं पाणी मापानं मोजा. ते चार लिटर भरलं तर पेटी तीन लिटरची करा. चारात तीन, हे माझं गणित. त्याहून मोठी पेटी केली तर कोपरे भरत नाहीत, अडीचच्या खाली गेलात तर फळ उलतं. तीन लिटरची पेटी म्हणजे आतून साडेचौदा सेंटिमीटर बाजू. काटकोनी कोपरे मात्र कधीच पुरते भरत नाहीत. पाव सुद्धा साच्यात कोपऱ्याला गोलच राहतो, तसं. मी आता कोपऱ्यात आतून लाकडाच्या छोट्या त्रिकोणी पट्ट्या मारतो, म्हणजे कोपरा आपणच गोलसर केला असं दिसतं.

सहाही बाजू बोल्टनं सुटणाऱ्या हव्यात. एक बाजू पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची केली तर आतलं दिसतं आणि उजेडही आत जातो. ती १० मिलिमीटर तरी जाड घ्या, बाहेरून दोन आडव्या पट्ट्यांचा आधार द्या. वरच्या फळीला कडेपासून मध्यापर्यंत यू आकाराची खाच पाडा, देठ त्यातून बाहेर. खाच चार सेंटिमीटर रुंद हवी, कारण देठही जाड होतो. माझं तिसऱ्या वर्षीचं एक फळ पेटी अगदी सुंदर भरत होतं. पण खाच अरुंद ठेवली होती, फळाचा खांदा फुगून वर आला आणि देठावर दाब पडून त्यानं स्वतःच स्वतःला तोडलं.

तळाला आणि प्रत्येक बाजूला पाच-सहा एमएमची भोकं, दर दीड इंचावर. लोखंड ओतताना व्हेंट नसले की हवा कोंडून मालात पोकळी राहते. इथं हवेबरोबर घामही बाहेर जायला हवा. भोकाच्या जागी फळावर बारीक उंचवटा येतो, तो नंतर नखानं निघतो. प्लायच्या आतल्या बाजूला मेणबत्ती घासून घ्या, म्हणजे लाकूड ओल पीत नाही. जुन्या सवयीनं मी एकदा साच्याला काळं शिसं, म्हणजे ग्राफाइट, फासलं होतं. भोपळा सुटला लोण्यासारखा, पण वाफवल्यावर सुद्धा तो कोळशाच्या पोत्यातून आल्यासारखा दिसत होता.

फळ पेटीत घालायची वेळ परागीभवनापासून नवव्या-दहाव्या दिवशी, व्यास साधारण दहा सेंटिमीटर असताना. त्याआधी घातलं तर कोवळं फळ कधी कधी वेल आपणहून गाळतो, आणि पेटी फुकट अडकते. उशीर झाला तर ते आपला आकार ठरवून बसतं. दुपारी चारनंतर घाला, वेल तेव्हा जरा मऊ असतो आणि देठ वळवला तरी कटकन मोडत नाही. पेटी जमिनीवर विटांवर ठेवा, टांगू नका. जवळच्या पेरांतून मुळं जमिनीत गेली असतील तर तेवढी सोडवून घ्या, वेलाला वर-खाली व्हायला जागा लागते.

माझ्या वहीप्रमाणे, सोळाव्या दिवशी फळ भिंतींना टेकतं, बावीस-तेविसाव्याला कोपऱ्यांकडे सरकतं, तिसाव्याच्या आसपास वाढ थांबते. मधल्या त्या दोन आठवड्यांत पाणी रोज, थोडं आणि सारखं. चार दिवस वेल सुकवून मग पाट सोडला की फळ रात्रीत पाणी ओढतं आणि तडकतं. माझं दुसरं फळ फुटायला लहान पेटी जितकी कारण, तितकीच मी लग्नाला सांगलीला जाऊन आल्यावर दिलेली पाण्याची पाळी.

आणि ऊन. एप्रिलात पत्र्याचा डबा किंवा प्लास्टिकची पेटी उघड्यावर ठेवली तर आत भोपळा शिजतो. हे उपमेनं नाही सांगत, खरंच शिजला होता, तेलाच्या रिकाम्या डब्यात. आमच्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, त्याचा जाड थर पेटीवर टाकतो, फक्त अ‍ॅक्रिलिकची बाजू उत्तरेला मोकळी.

पैलवान

चेहऱ्याचा भोपळा करायचा ठरल्यावर नात म्हणाली, "आबा, गणपती करा." आतून आवाज आला, "आणि मग चिरणार कोण त्याला?" विषय तिथंच संपला. कोल्हापूरच्या माणसानं दुसरं काय करायचं, पैलवान केला. गालफडं, मिशा, मोडलेले कान.

हा उद्योग नवा नाही. चीनमध्ये छिंग घराण्याच्या काळात, विशेषतः कांग्शी बादशहाच्या दरबारात, दुधीच्या जातीची फळं कोरीव साच्यात वाढवून त्यांच्या वाट्या, कुप्या करत. गाणारे रातकिडे पाळायच्या डब्याही अशाच साच्यांतल्या. अलीकडे कॅलिफोर्नियात टोनी डिघेरा नावाच्या शेतकऱ्यानं प्लास्टिकच्या साच्यात फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचे चेहरे पिकवले. त्याला जमायला चार वर्षं लागली आणि २७ वाण करून बघावे लागले. हे वाचल्यावर माझ्या सहा फुटलेल्या फळांचं मला फार वाईट वाटेनासं झालं.

माझी रीत अशी. शाडूच्या मातीत पैलवानाचं अर्धं डोकं घडवलं. गंगावेशीतल्या कुंभाराकडून ओली माती आणली, हात त्यानंच शिकवला. घडवताना सगळं दीडपट ठळक करायचं, कारण भोपळा बारकावे गिळतो. नियम एकच, खड्डा जितका रुंद त्याहून कमी खोल. नाक चार सेंटिमीटर रुंद आणि तीन उंच केलं तर भरतं. टोकदार सरळ नाक केलंत तर टोकाशी हवा आणि पोकळी. मिशा बारीक पिळदार नकोत, झुपकेदार ठेवा. ओठांची फट, भुवयांची कड या ठिकाणी साच्याची धार फळात घुसते, तिथं बोटानं गोलाई द्या.

मातीच्या चेहऱ्यावर पातळ तेलाचा हात फिरवायचा, वर सिमेंट-वाळूचा एकास दोन लेप, मध्ये कोंबडीची जाळी, पुन्हा लेप. जाडी इंचभर. ओलं असतानाच नाकाचं टोक, गाल, हनुवटी आणि मिशांची टोकं इथं दोन एमएमची तार आरपार खुपसून ठेवा, सुकल्यावर ओढून काढा. ते तुमचे व्हेंट. मागचं अर्धं म्हणजे साधा वाडगा, एका पसरट घमेल्यावर काढलेला. दोन्ही अर्ध्यांना कडेला कान ठेवून चार बोल्ट. नवं सिमेंट थेट वापरू नका, ते सालीला भाजतं. दहा-बारा दिवस पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला. प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा मी केला होता. पहिल्या पाण्यालाच मऊ पडला आणि पैलवानाचा लगदा झाला.

साच्यात थेट अक्षरं कोरणार असाल तर उलटी कोरा. ३४ वर्षं हेच काम केलेला माणूस हे विसरला, म्हणून सांगतो. 'जय हनुमान' आरशातच वाचता आलं.

चेहऱ्याला फळ निवडताना देठाचा कोन बघा. देठ डोक्यावर सरळ येईल, तिरका नाही, असंच फळ घ्या. नाहीतर पैलवान मान मोडल्यासारखा निघतो. बाकी दिवस, पाणी, पाचट सगळं पेटीसारखंच. सिमेंटच्या अंधारात सालीला हिरवा रंग धरत नाही, त्यामुळे आमचा पैलवान फिकट, लोणी फासल्यासारखा गोरा निघाला. उघड्या परसात आठवडाभर ठेवल्यावर जरा तांबूस झाला.

उघडायचं कधी

वाढ थांबली म्हणजे लगेच उघडायचं नाही. कच्ची साल दाब निघाला की परत फुगते आणि चौकोनाची उशी होते. तिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी मी सगळे बोल्ट एकेक आटा ढिले करतो, आत वारा खेळावा म्हणून. पस्तिसाव्याला एक बाजू काढतो. नखानं दाबून साल न दबणं आणि देठ वाळून बुचासारखा होणं, या दोन खुणा पटल्या की मग पूर्ण. हे साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांना येतं. देठ चार बोटं ठेवून कापा, नाहीतर तिथून कुजायला सुरुवात होते. फळावर बोट जाईल एवढी चीर असेल तर ते ठेवायला नको, त्याच दिवशी शिजवा. आणि तुकडा कच्चा चाखून बघा. कडू लागला तर गाय-म्हशीला सुद्धा घालू नका, टाकून द्या. ही तंबी दुधीच्या प्रयोगांना जास्त लागू.

दुधीचं यंदा करायचंय. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे मोठे कडू भोपळे पंढरपूर भागातून येतात. तिथले शेतकरी ते उभे कसे वाढवतात, एका बाजूला चपटे कसे पडू देत नाहीत, हे बघायला एक चक्कर मारणार आहे. लांब मानेच्या दुधीला रोज दुपारी थोडं थोडं वळवत गाठ मारता येते असं म्हणतात, ते करून बघणार. पहिला प्रयत्न गेल्या मेमध्ये केला, तेव्हा घाईनं एकाच दिवसात वळवला. त्याची आमटी झाली.

चौकोनी भोपळा गेल्या अक्षयतृतीयेला कापला. एरवी विळीवर भोपळा धरायचा म्हणजे तो गडगडतो, हा विटेसारखा बसला. एवढ्या खटाटोपात मंडळींनी माझं केलेलं हे एकच कौतुक. अर्ध्याचे घारगे झाले, अर्धा दह्यातल्या भरताला. नातीनं विचारलं, "याच्या बिया लावल्या तर चौकोनी येतील?" नाही येणार. आकार पेटीचा, बी भोपळ्याचं. तिनं तरीही बिया राखेत घोळून डबीत ठेवल्या आहेत आणि डबीवर 'चौकोनी' अशी चिठ्ठी लावली आहे, प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी.